खुब्याच्या हाडाला रक्त कोठून येते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले व्याख्यान)



वर्धापनदिनाला ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असा निरोप चिटणीसबाईंकडून आला, तेव्हा आहार, व्यायाम, रक्तदाब असे नेहमीचे विषय माझ्यापुढे होते. परंतु त्यांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. गेली पंचवीस वर्षे मी हाडांच्या रोगांवर उपचार करीत आहे. या काळात जो एक प्रश्न बायकांच्या वाट्याला सर्वांत जास्त आला आणि ज्याबद्दल घरोघर सर्वांत कमी माहिती आढळली, तोच मी आज निवडला आहे. विषय अगदी लहानशा जागेचा आहे. खुब्याच्या सांध्यातील हाडाला रक्त कोठून मिळते आणि ते तुटले तर काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे. हा डॉक्टरांचा विषय, आम्हांला त्याचे काय, असे कृपा करून म्हणू नका. घरात सासूबाई पडतात, मूल लंगडू लागते किंवा कोणी गुडघेदुखीवर पुडी आणते, तेव्हा पहिला निर्णय डॉक्टर घेत नाही, तो आपण घेतो.

प्रथम सांधा कसा आहे ते पाहू. खुब्याला आपल्याकडे उखळीचा सांधा म्हणतात आणि हे नाव अगदी नेमके आहे. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी असते, तिला उखळ समजा. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला चेंडूसारखे गोल डोके असते, ते त्या उखळीत बसते. हे डोके मांडीच्या हाडावर सरळ ठेवलेले नसते. मधे एक तिरकी मान असते आणि त्या मानेवर ते तोललेले असते. डोके, मान आणि उखळ या सर्वांभोवती एक चिवट पिशवी असते. समोरच्या बाजूस ही पिशवी संपूर्ण मान झाकते, मागच्या बाजूस मानेचा खालचा थोडा भाग तिच्या बाहेर राहतो. ही पिशवी ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी हकीकत पिशवीच्या आत काय आणि बाहेर काय यावरच अवलंबून आहे.

हाड म्हणजे दगड नव्हे, ते जिवंत असते. त्याला रक्त लागते आणि रक्त बंद झाले की तेही मरते. शरीरातील बहुतेक हाडांना चहूबाजूंच्या स्नायूंतून रक्त मिळते, म्हणून एक वाट बंद पडली तरी दुसरी चालू राहते. खुब्याच्या डोक्याचे तसे नाही. ते जवळजवळ सर्व बाजूंनी गुळगुळीत कूर्चेने मढविलेले असते आणि कूर्चेतून रक्तवाहिन्या आत जात नाहीत. त्यामुळे डोक्याला रक्त पोहोचण्याच्या वाटा मोजक्याच उरतात.

त्या तीन आहेत. पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वाट अशी: मांडीत खोलवर जाणारी एक मोठी रोहिणी आहे. रोहिणी म्हणजे हृदयाकडून शुद्ध रक्त नेणारी वाहिनी. या मोठ्या रोहिणीपासून बहुधा दोन फांद्या निघतात. एक मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने वळसा घालते, दुसरी बाहेरच्या बाजूने. दोघी मिळून मानेच्या पायथ्याशी एक कडे तयार करतात. त्या कड्यातून बारीक वाहिन्या पिशवी भेदून आत शिरतात आणि मानेला चिकटून, पातळ पदराखालून, वर डोक्याकडे चढतात. यांतील मुख्य वाहिन्या आतून वळसा घालणाऱ्या रोहिणीच्या असतात आणि त्या मानेच्या वरच्या व मागच्या अंगाने जातात. मोठ्या माणसाच्या खुब्याचे डोके मुख्यतः यांच्यावर जगते. दुसरी वाट हाडाच्या आतून, मानेतील पोकळ भागामधून वर जाते. तिसरी वाट उखळीच्या तळापासून डोक्याला बांधणाऱ्या एका लहानशा दोरीतून येते. मोठेपणी तिचा उपयोग फार थोडा, आणि काहींच्या बाबतीत तर नसल्यासारखाच.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला ज्यांचे शेत आहे त्यांना हे चटकन समजेल. वर कोठेही बांध फुटला तर पहिल्याने कोरडे पडते ते टोकाचे शेत. खुब्याचे डोके असेच टोकाला आहे आणि त्याचा पाट अरुंद मानेवरून, उघड्यावरून येतो.

ही माहिती एका दिवसात मिळालेली नाही. लंडनचे शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर यांनी 1822 साली सांध्यांच्या मोडतोडीवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मानेचे हाड पिशवीच्या आत मोडले तर जुळत नाही आणि बाहेर मोडले तर जुळते, हा भेद त्यांनी त्यात स्पष्ट मांडला आणि आतल्या मोडीत डोक्याचे पोषण तुटते हे त्याचे एक प्रमुख कारण दिले. त्या वेळी क्ष-किरण नव्हते, भूल नव्हती. पुढे 1953 साली ऑक्सफर्ड येथे जोसेप ट्रुएटा आणि त्यांचे सहकारी हॅरिसन यांनी मृतांच्या रोहिण्यांत क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य भरून या बारीक वाहिन्यांचा नकाशा तयार केला. ट्रुएटा हे मूळचे कॅटालोनियाचे. स्पेनमधील यादवी युद्धानंतर देश सोडून ते इंग्लंडला आले होते. लहान मुलांच्या खुब्याचा असाच अभ्यास त्यांनी 1957 साली प्रसिद्ध केला. आज खुब्यावर शस्त्रक्रिया करताना आम्ही ज्या वाहिन्यांना जपतो त्या अशा शोधांमुळे आम्हांला ठाऊक आहेत.

आता हे सर्व घरात आणू. साठी-सत्तरी ओलांडलेली बाई न्हाणीघरात घसरते किंवा रात्री उठताना उंबऱ्याला अडखळते. पाळी गेल्यानंतर बायकांची हाडे पुरुषांपेक्षा लवकर विरळ होतात, म्हणून उभ्या उभ्या पडण्यानेही खुब्याचे हाड मोडते. मोडण्याच्या जागा मुख्यतः दोन. एक पिशवीच्या आत, मानेवर. दुसरी पिशवीच्या बाहेर, मान जेथे मांडीच्या हाडाला मिळते तेथे. दोघींमध्ये दोन बोटांचे अंतर असेल नसेल, पण दैव अगदी निराळे.

बाहेरच्या जागी हाड जाळीदार असते आणि भोवती स्नायू असतात, तेथे रक्ताची ददात नाही. म्हणून ते जुळते. रक्तस्राव मात्र तेथे जास्त होतो, आणि तसेच सोडले तर हाड वाकडे जुळून पाय आखूड राहतो. आतल्या जागी मोड झाली आणि तुकडे सरकले की मानेवरून चढणाऱ्या त्या बारीक वाहिन्या ताणतात, पिळल्या जातात किंवा तुटतात. हाडाच्या आतली वाट तर मोडीनेच बंद झालेली असते. पिशवीत रक्त साठले तर त्याच्या दाबानेही उरलेल्या वाहिन्या दबतात. शिवाय पिशवीच्या आत मानेवर हाड सांधणारे बाहेरचे जाड आवरण नसते. या सर्वांमुळे मोड न जुळणे आणि डोके मरणे अशी दोन्ही संकटे उभी राहतात.

म्हणूनच डॉक्टर एकाच प्रकारच्या पडण्यावर निरनिराळे उपाय सांगतात. पुष्कळांना वाटते की एका डॉक्टरने स्क्रू सांगितला आणि दुसऱ्याने नवा गोळा, म्हणजे दोघांपैकी एक फसवितो आहे. तसे नसते. रुग्ण तरुण असेल तर स्वतःचे डोके वाचविण्यासाठी हाड लवकरात लवकर जागेवर आणून स्क्रू घालतात. तुकडे सरकलेले नसतील तर वयस्कर माणसालाही पुष्कळदा हेच करतात. वय जास्त आणि तुकडे सरकलेले असतील तर रक्त परत येण्याची वाट पाहण्यात महिने घालवून पुन्हा शस्त्रक्रिया करण्यापेक्षा डोकेच बदलणे शहाणपणाचे ठरते. कधी नुसता गोळा बदलतात, कधी गोळा आणि वाटी दोन्ही. धातूचा गोळा बसविण्याचा आरंभ अमेरिकेत ऑस्टिन मूर यांनी 1940 साली केला. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी 1962 साली धातूचा लहान गोळा आणि विशिष्ट प्लास्टिकची वाटी यांचा मेळ घातला, आणि खुबा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया तेथून रूढ झाली.

येथे एक कपटी गोष्ट सांगितली पाहिजे. डोके मेले तरी लगेच कळत नाही. आतल्या पेशी काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत मरतात, पण हाडाचा सांगाडा उभाच असतो. वाळवी लागलेला वासा जसा बाहेरून धड दिसतो, तसेच हे असते. स्क्रू घातल्यावर बाई चालू लागते, घरचे समाधान मानतात, आणि वर्ष-दीड वर्षाने जांघेत दुखू लागते, कारण भार सोसून सोसून तो सांगाडा आता ढासळतो. म्हणून मानेच्या हाडाला स्क्रू घातला असेल तर दुखो वा न दुखो, दोनतीन वर्षे सांगितलेल्या वेळी तपासणीस जावे.

माझ्या नात्यातील एका आजींची हकीकत सांगते. मागच्या पडवीत त्या पडल्या. उठल्या, दोन पावले चालल्या, म्हणून ‘मोडले नाही’ असे सर्वांनी ठरविले. तुकडे एकमेकांत रुतून बसले की माणूस असा थोडे चालू शकतो. चार दिवस तेल लावून चोळणे झाले. पाचव्या दिवशी पाय टेकेना. तुकडे निसटले होते. मग एका दवाखान्यात ‘या वयात शस्त्रक्रिया कशाला, पडून राहू द्या’ असा सल्ला मिळाला आणि घरच्यांना तो सोयीचा वाटला. आजींना कोणी विचारले नाही. तीन महिन्यांनी पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला, आणि त्या गेल्या. मृत्यूच्या दाखल्यावर कारण फुप्फुसाचे होते. मला विचाराल तर कारण ते चार दिवस आणि ते एक वाक्य होते.

‘या वयात कशाला’ हे वाक्य मी पुष्कळ घरांत ऐकते, आणि पुरुषांपेक्षा बायकांच्या बाबतीत अधिक ऐकते. भगिनींनो, म्हातारपणी ही शस्त्रक्रिया हौसेसाठी करावयाची नसते. ती माणसाला बसते करण्यासाठी असते. जो बसतो तो श्वास घेतो, जेवतो, शौचाला जातो, जगतो. परदेशांतील मोठ्या नोंदी पाहिल्या तर खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी सुमारे पाचांत एक वर्षाच्या आत जातो, आणि उशीर हा त्यातला एक मोठा शत्रू आहे. म्हणून प्रकृती सावरून शक्यतो पहिल्या दोन दिवसांत शस्त्रक्रिया व्हावी असा आज सर्वत्र आग्रह आहे. पैशाची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयात आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते याची त्याच दिवशी चौकशी करावी. धोका नाही असे मी म्हणत नाही. परंतु अंथरुणावर महिनोन्‌महिने पडून राहण्याचाही धोका असतोच, तो दिसत नाही एवढेच. शिवाय जिचा पाय मोडला आहे तिला तरी एकदा विचारावे.

पडल्यावर काय करावे? पडलेल्या बाईचा पाय आखूड दिसत असेल, पाऊल बाहेर वळलेले असेल आणि पाय उचलता येत नसेल तर खुबा मोडला असेच धरावे. उभे करू नये. चोळू नये. पाय ओढून सरळ करू नये. गुडघ्याखाली उशी द्यावी आणि फळीवर किंवा सतरंजीवर आडवेच उचलून न्यावे. चालू असलेल्या गोळ्या बरोबर घ्याव्या, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या. पाऊल वळलेले नसले तरी पडल्यानंतर जांघेत दुखत असेल तर एक्स-रे काढावा. एक्स-रे स्वच्छ आला आणि पाय तरी टेकत नाही, तर एमआरआयविषयी विचारावे.

आता तरुण माणसे. मोटारीची धडक बसून गुडघा समोर आपटतो, तेव्हा खुब्याचा गोळा उखळीतून मागे निखळतो. पाय आखूड, वाकलेला आणि या वेळी आत वळलेला दिसतो. गोळा बाहेर असेपर्यंत वाहिन्या पिळलेल्या राहतात. म्हणून तो सहा तासांच्या आत बसविला पाहिजे. ‘उद्या सकाळी मोठ्या गावी नेऊ’ हे येथे चालत नाही.

मुलांची गोष्ट याहून नाजूक आहे. लहान मुलाच्या डोक्यात आणि मानेत वाढीच्या कूर्चेचा पडदा असतो, त्यामुळे आतली वाट बंद असते. ट्रुएटा यांच्या अभ्यासाप्रमाणे साधारण चार ते सात वर्षांच्या वयात दोरीतली वाटही नीट चालू झालेली नसते. म्हणजे सगळा भार मानेवरून चढणाऱ्या वाहिन्यांवर पडतो. याच वयात काही मुलांच्या खुब्याचा रक्तपुरवठा कारण नीट न कळता खंडित होतो आणि डोके मऊ पडून चपटे होऊ लागते. 1910 साली अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये कॅल्वे आणि जर्मनीत पर्थेस यांनी स्वतंत्रपणे याचे वर्णन केले. त्याला पर्थेसचा रोग म्हणतात. मुलींपेक्षा मुलांत तो चारपाच पट आढळतो. आपल्या देशात नैर्ऋत्य किनाऱ्यावर, उडुपीच्या परिसरात, तो इतर भागांपेक्षा जास्त दिसला आहे. सुदैवाने लहान मुलात रक्त हळूहळू परत येते आणि दोनचार वर्षांत हाड पुन्हा भरते. मधल्या काळात डोक्याचा गोल आकार टिकविणे हेच उपचाराचे काम.

आयांनी यातून एकच खूण घ्यावी. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते, कारण दोन्हीकडे जाणारी मज्जा एक आहे. मूल लंगडते आणि ‘गुडघा दुखतो’ म्हणते, गुडघ्यावर मात्र काही दिसत नाही, तर डॉक्टरांना खुबा तपासावयास सांगा. आणि तान्हे मूल तापले असेल, एक पाय हलवीत नसेल, लंगोट बदलताना किंचाळत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खुब्यात पू झाला असेल तर त्याच्या दाबाने या वाहिन्या दबतात, आणि पू काढावयास उशीर झाला तर डोके कायमचे जाते.

हाड न मोडताही रक्त बंद होऊ शकते. त्याची दोन मोठी कारणे म्हणजे स्टिरॉइड आणि दारू. स्टिरॉइड हे काही वाईट औषध नाही. दम्यात, संधिवाताच्या काही प्रकारांत ते जीव वाचविते, आणि डॉक्टरांनी दिलेले ते आपल्या मनाने एकदम थांबवूही नये. भीती आहे ती बिननावाच्या पुडीची. ‘एका पुडीत गुडघे मोकळे’ असे म्हणून जे विकले जाते, त्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. कोविडच्या साथीनंतर, 2021 साली, मुंबईतील डॉक्टरांनी अशा तीन रुग्णांची नोंद केली, ज्यांना उपचारात स्टिरॉइड मिळाले होते आणि नंतर खुब्याचे डोके मरू लागले. स्टिरॉइड तेव्हा आवश्यकच होते. बोध एवढाच, की ते घेतलेल्या माणसाच्या जांघेत दुखू लागले तर ‘वय झाले’ म्हणून सोडू नये. तिसरे कारण सिकलसेलचे. विदर्भात, गडचिरोलीकडे, नंदुरबारकडे हा आजार पुष्कळ कुटुंबांत आहे. त्यात रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि तरुण मुलामुलींचे खुबे निकामी होतात. या सर्वांत सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ असतो, एमआरआयमध्ये मात्र दोष दिसतो. डोके ढासळण्यापूर्वी कळले तर काही करता येते.

शेवटी, पडूच नये म्हणून. न्हाणीघरात पकडावयास एक दांडा, रात्री मार्गावर एक दिवा, ओल्या फरशीवर न घसरणारी वहाण, घोट्याच्या वर राहील असे नेसू. मोतीबिंदू वेळेवर काढावा. झोपेची गोळी चालू असेल तर ती खरोखर हवी आहे का, हे डॉक्टरांना विचारावे. नाचणी, तीळ, दूध ताटात असू द्यावे, थोडे ऊन अंगावर घ्यावे, रोज चालावे. पाळी गेलेल्या बाईचे मनगट किंवा मणका साध्या पडण्याने एकदा मोडला असेल, तर ती पुढच्या संकटाची पूर्वसूचना समजून हाडांची घनता तपासून घ्यावी. हाडे राखणारी औषधे आज उपलब्ध आहेत.

आपल्या मंडळाला माझी एक सूचना आहे. हळदीकुंकवाला आपण घरोघर जातोच. या वर्षी जाल तेथे त्या घरच्या वयस्कर बाईंचे न्हाणीघर पाहून या. दांडा नसेल तर मंडळाने लावून द्यावा. खर्च थोडा आहे, सुताराला एका दुपारचे काम. आणि कोणी पडल्याचे कळले, तर फळे घेऊन भेटावयास जाण्याआधी ‘एक्स-रे काढला का?’ एवढे विचारावे.